वालाच्या मोसमातला क्लच

परसातल्या वालांना यंदा शेंगा उशिरा लागल्या, पण लागल्या त्या दाट. काल संध्याकाळी शेजारच्या वाडीत पोपटी लावली होती. मडक्यात शेंगा भरायच्या, भांबुर्डीच्या पाल्याने तोंड बंद करायचे, मडके पालथे घालून भोवती पाचोळा पेटवायचा. तुम्हाला हे सांगायला नको. मागल्या खेपेला तुम्ही दोघांनी बोटे भाजून घेत ती खाल्ली होती. धूर आमच्या अंगणात आला आणि मला, मुलांनो, पेट्रोलचा वास आला. दर वर्षी येतो. नागावात वालाचा मोसम आला की इतरांना बिरडे आठवते, मला गाडीचे पोट आठवते.

तुमच्याकडच्या गाड्यांना क्लच नसतो, असे तुमची आई सांगत होती. म्हणजे आधी तो काय असतो ते सांगायला हवे. आमच्या वाडीतला रहाट रेडा ओढत असे. रेडा फिरला की रहाट फिरायचा, रेडा थांबला की थांबायचा. आता अशी कल्पना करा की रेडा एकसारखा फिरतोच आहे, त्याला थांबवणे आपल्या हाती नाही, पण रहाट मात्र हवा तेव्हा जोडता आणि सोडवता यायला हवा. गाडीचे इंजिन म्हणजे तो रेडा. त्याच्या टोकाला एक जड लोखंडी चाक असते, ते फ्लायव्हील. त्या चाकाला एक खरबरीत तबकडी घट्ट चिकटते किंवा सुटते, ती क्लचप्लेट. चिकटली की गाडी चालते. चिकटेनाशी झाली की इंजिन नुसते ओरडते आणि गाडी जागच्या जागी उभी राहते. त्या वर्षी आमच्या घरात मीही बरीचशी तशीच होते.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षे झाली होती. आपल्या रायगड जिल्ह्याला अजून कुलाबाच म्हणत. तुमचे आजोबा आगबोटीवर इंजिनिअर होते. आठ-आठ, दहा-दहा महिने घराबाहेर. मी मुंबईत इंग्रजी शाळेत शिकलेली, लग्न होऊन माडा-पोफळींच्या वाडीत आलेली. माझ्या वडिलांनी जाताना त्यांची जुनी विलायती गाडी माझ्या नावावर केली होती आणि तीच गाडी चालवत मी रोज अलिबागला मुलींच्या शाळेत शिकवायला जात असे. सासरी नोकरीला परवानगी मिळाली होती ती एका अटीवर. घरातल्या सुनेने एस.टी.च्या गर्दीत उभे राहायचे नाही, टांग्यात परक्या माणसाशेजारी बसायचे नाही. जायचे तर घरच्या गाडीने. तेव्हा हिशेब सरळ होता. गाडी आहे तोवर नोकरी आहे. गाडी गेली की मी ओट्यावर.

आणि पौषात, नेमके शाळेच्या वाटेवर, गाडीचा क्लच गेला.

घरचा कारभार माझ्या मोठ्या दिरांकडे होता. आम्ही त्यांना भावोजी म्हणत असू. माणूस वाईट नव्हता. वाडी त्यांनीच सांभाळली, नारळाचा व्यापार त्यांनीच उभा केला. पण जी गोष्ट त्यांच्या हुकमाशिवाय सुरू होते आणि थांबते, ती त्यांना खुपत असे. गाडी तशी होती. मीही. त्या काळच्या रीतीप्रमाणे थोरल्या दिराने धाकट्या भावजयीशी थेट बोलायचे नसे. म्हणून आमचे सगळे संभाषण माझ्या सासूबाई, म्हणजे माई, यांच्यामार्फत चाले. आम्ही तिघेही एकाच ओट्यावर, हाताच्या अंतरावर असलो तरी.

"माई, तिला सांग, पनवेलचा एक व्यापारी गाडी बघायला येतोय. माघी पौर्णिमेला."

माई भिजवून मोड आणलेले वाल सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "ऐकलंस का गं? व्यापारी येतोय."

"माई, भावोजींना सांगा, गाडी माझी आहे."

"गाडी तिची आहे म्हणते."

"तिची असेल. पण चालत नाही. न चालणारी गाडी झापाखाली ठेवून तिच्यावर कोंबड्या बसवायच्या आहेत का, विचार तिला."

"माई, सांगा, पौर्णिमेच्या आत चालेल."

भावोजी हसले. "चालेल? नुसती अंगणात नको. अलिबागच्या पुढची कार्ल्याची खिंड चढून दाखव म्हणावं. खिंड चढली तर व्यापाऱ्याला मी परत पाठवीन. नाही चढली तर गाडी जाईल, आणि मग शाळा-बिळा पुरे."

माईंनी हे माझ्यापर्यंत पोचवण्याची तसदी घेतली नाही. वालाचे एक साल दूर भिरकावून त्या म्हणाल्या, "दोघांनी ऐकलं ना एकमेकांचं? मग मला बिरडं करू द्या."

अलिबागला मोटारी दुरुस्त करणारा एकच माणूस होता आणि तो भावोजींच्या बैठकीतला. मी निरोप धाडला की "पुढल्या आठवड्यात बघू" असे उत्तर येई. तो पुढला आठवडा पौर्णिमेच्या पलीकडेच उजाडणार, हे त्यालाही माहीत होते आणि मलाही. सगळ्यांनी मला एकच सल्ला दिला: नवरा येईपर्यंत वाट पाहा. आमच्या किनाऱ्यावर बायकांना हे काम पिढ्यान्‌पिढ्या नेमून दिलेले आहे. होड्यांची वाट पाहा, आगबोटींची पाहा, वारा पडण्याची पाहा. मी त्या कामाचा राजीनामा दिला.

वडिलांच्या गाडीबरोबर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आले होते, गाडी कशी उघडावी आणि कशी मिटावी याचे. मी ते एखाद्या परीक्षेचे असावे तसे वाचले. तुम्ही मला "यादीवाली आजी" म्हणता. तेव्हाही मी तशीच होते. नवी क्लचप्लेट आणि फ्लायव्हील मुंबईहून मागवले, पगारातून. सामान लाँचने रेवसच्या धक्क्याला आले, मी टांगा करून ते आणायला गेले. (टांग्यात शेजारी कोणी परका बसू नये म्हणून शेजारी फ्लायव्हील ठेवले.) ते गोणपाटातले ओझे उचलताना धक्क्यावरचा हमाल कळवळून म्हणाला, "बाय, मुंबैशी जातं आणलाव का? आपल्याकरं दगर न्हाय?"

गाडी झापांच्या, म्हणजे विणलेल्या झावळ्यांच्या, मांडवात होती. जॅकने एकेक बाजू उचलून खाली माडाचे ओंडके सरकवले. तुमच्या आजोबांचा बोटीवरचा निळा अंगरखा, गळ्यापासून घोट्यापर्यंत सदरा-विजार मिळून एकच कपडा, तो घातला आणि पाठीवर पडून गाडीखाली शिरले. माईंनी येऊन फक्त माझे पाय पाहिले.

"हे काय नेसलीस?"

"बोटीवरचं आहे, माई. काम करायचं."

"बाहेर आलीस की पदर घे," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आले की पदरच नाही. खालून मला त्यांचे हसू ऐकू आले. ते त्यांनी कोणालाच पोचवले नाही.

त्या दिवसांचे मला काय आठवते? गाडीखालची ती थंड, दमट वाळू. कानात पडणारा गंज. पोफळीच्या पानांमधून येणारे उन्हाचे कवडसे आणि ओट्यावर वालाची साले टोपलीत पडण्याचा अगदी बारीक आवाज. निघालेला प्रत्येक बोल्ट मी करवंटीत ठेवत गेले, करवंटीवर खडूने आकडा, आणि करवंट्यांची रांग ज्या क्रमाने काढले त्या क्रमाने. पहिला बोल्ट सुटेना. पान्याला लोखंडी नळी लावून लांब केला, पाय ओंडक्याला टेकवले, ओढले. सुटला तेव्हा माझी कोपरे सोलली आणि मी मोठ्याने ओरडले. भावोजी धावत आले. मी जिवंत आहे असे पाहून परत गेले. आयुष्यात इतका गोड आवाज मी फार थोड्या वेळा ऐकला आहे, घट्ट बसलेला बोल्ट सुटतानाचा. पुढे तुमच्या आईच्या जन्माच्या वेळी तिचे पहिले रडणे ऐकले, तो एक.

क्लचपर्यंत पोचायला त्याच्या मागचा गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि ते मात्र एकट्याने शक्य नव्हते. तेव्हा हिराबाय आली. हिराबाय म्हणजे आमच्याकडे मासळी घालणारी कोळीण, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, दंड माझ्या मांडीएवढे. टोपली उतरवून ती वाकली.

"काय गो बाय, गारीच्या पोटान काय शोधतंस? पोर हाय का काय आत?"

"बाहेर काढायचंय, हिराबाय. जड आहे. धरशील?"

"होरी वर वढतांव आमी, हा डबा काय!" तिने लुगड्याचा काष्टा आवळला. गाडीची बैठक आणि तळाच्या फळ्या मी आधीच काढल्या होत्या. दोन्ही दारांतून आरपार एक जाड बांबू टाकला, त्याला काथ्याचा दोर, दोराचा विळखा गिअरबॉक्सभोवती. मी खालून ढकलणार, ती वरून दोर धरणार. आणि तिने काय केले? होडी ओढताना कोळी जसे एकाने सांगायचे, सगळ्यांनी ओढायचे, तसे सुरू केले. सांगणारीही तीच, ओढणारीही तीच. तिच्या आवाजावर मी श्वास सोडून ढकलत होते. तो डबा मागे सरकला, लटकला, आणि अगदी हळू, किनाऱ्याला होडी टेकावी तसा वाळूत उतरला.

"झाली बालंतीन," हिराबाय म्हणाली. "आता सुंठ घाला हिला."

आतले जुने फ्लायव्हील पाहिले आणि पुस्तकातले एक चित्र खरे झाले. तबकडीचे अस्तर पार झिजले होते. आतल्या तांब्याच्या रिवेटांनी चाकाच्या तोंडावर ग्रामोफोनच्या तबकडीसारखे चरे पाडले होते. ते बदलायचे ठरवले होते ते बरोबरच. नवे चाक गोणपाटातून काढले. त्यावर कारखान्याने काळे, घाण वासाचे ग्रीस फासले होते. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे मी ते अगदी स्वच्छ पुसून काढले. चाक आरशासारखे चकाकत होते. आणि मग मी ते केले, जे आमच्या किनाऱ्यावरच्या कोणत्याही शहाण्या गृहिणीने केले असते.

तुम्ही इथे राहिला असतात तर तुम्हाला कळले असते. इथला वारा खारा. विळी रात्री उघडी ठेवली तर सकाळी तांबूस. म्हणून कोयता असो, अडकित्ता असो, कडी, कुलूप, सुई, जे जे लोखंड घरात आहे त्याला खोबरेलाचा हात. दिवाळीत पोरांना, शनिवारी लोखंडाला. लग्न होऊन आले तेव्हा माईंनी मला पहिली शिकवण ही दिली होती. हात आपोआप वाटीकडे गेला. चाकाच्या त्या चकचकीत तोंडावर, तबकडीवर, दोन्ही बाजूंनी, मी स्वच्छ फडक्याने पातळ, एकसारखा, सुरेख हात फिरवला. पुस्तकात इंजिनातून गळणाऱ्या तेलाबद्दल ताकीद होती, ती मी वाचली होती. पण नव्या लोखंडाला प्रेमाने खोबरेल लावू नये, असे त्या विलायती लेखकाला लिहावेसे वाटले नाही. त्याच्या देशात खोबरेल कोण लावणार होते?

तबकडी चाकाच्या बरोबर मध्यावर बसवण्यासाठी त्याने एक खास दांडा वापरायला सांगितले होते. माझ्याकडे लाटणे होते. त्याच्या निमुळत्या टोकाला कागद गुंडाळला आणि ते नेमके बसले. सगळे परत जोडले, करवंट्या उलट्या क्रमाने रिकाम्या होत गेल्या, शेवटची रिकामी झाली. एकही बोल्ट उरला नाही, एकही कमी पडला नाही.

त्या सकाळी चांगला गारठा होता. गाडी सुरू झाली, मांडवातून निघाली, अंगणात एक वळसा. हिराबाय टाळ्या पिटत होती. मी समुद्राकडे जाणाऱ्या गल्लीत वळवली, जिथे वाळू खोल आहे आणि गाडीला खरा जोर लावावा लागतो. पायाने दाबले, इंजिन ओरडले, आणखी ओरडले, आणि गाडी एका जागी थरथरत उभी राहिली. मग वास आला. आधी मला वाटले कोणाच्या तरी चुलीवरचा. कढत खोबरेलाचा, गोडसर, दाट, आता धूर निघेल असा वास. तो माझ्या पायांखालून येत होता.

मला कळले. क्षणात कळले, अगदी विळी आणि वाटीसकट.

भावोजी माडाला टेकून उभे होते. त्यांनी हवेत नाक वर केले. "माई, तिला सांग, भजी तळून झाली की हाक मार. मग विकायला काढू."

मुलांनो, ती चूक मी आजवर लपवली नाही आणि लपवणारही नाही. पुष्कळ लोक चुकतात ते निष्काळजीपणाने. मी काळजीपणाने चुकले. जी काळजी घ्यायला मला शिकवले होते, ती घ्यायची नाही हे लोखंडाने मला शिकवले. काही गोष्टींना कोरडे, खरबरीतच राहावे लागते, तरच त्या पकड घेतात. मऊ राहा, तुळतुळीत राहा, कोणाला बोचू नका, हे मुलींना सांगणारी तेव्हा पुष्कळ होती. अजूनही आहेत. त्यांना मी क्लचप्लेट दाखवली असती.

गाडी हिराबायने आणि तिच्या आळीतल्या बायकांनी ढकलत परत आणली, होडीसारखी, ओरडत, एकमेकींना चिमटे काढत. पौर्णिमा तोंडावर आली होती. मी परत गाडीखाली शिरले. ओट्यावरून भावोजींचा आवाज आला, "माई, तिला सांग, हट्ट पुरे आता."

"तूच सांग," माई म्हणाल्या. "ती पुन्हा खाली गेली, मला दिसत नाही."

दुसऱ्या वेळी हातांना वाट माहीत होती. पहिल्यांदा जो बोल्ट तासभर रडला, तो आता दोन हिसक्यांत आला. हिराबायचा आवाज, बांबू, दोर, सगळे तसेच. तबकडी हातात घेऊन मी ओट्यावर आले. अस्तराने तेल पिऊन घेतले होते. नुसते पुसून जाण्यासारखे नव्हते. नवी मागवायला दिवस नव्हते. 

माईंनी हातातले वाल खाली ठेवले. "जमिनीवर तेल सांडलं तर आपण काय टाकतो?"

"राख."

"मग?"

चुलीतली गार राख, चाळून, मऊ. तबकडी राखेत पुरून ठेवली. राखेने तेल ओढले, ती काळी झाली, ती झटकून दुसरी. मग पेट्रोलने धुतली, उन्हात सुकवली, पुन्हा पेट्रोल, पुन्हा ऊन. शेवटी काचकागदाने हलकेच घासली, बोटाला खरखर लागेपर्यंत. चाकाचे तोंडही पेट्रोलने पुसले. माई ओट्यावरून बघत होत्या आणि माझा हात सवयीने जरा इकडे-तिकडे गेला की खोबरेलाची वाटी उचलून स्वतःच्या मांडीशी घेत होत्या.

आज मला नातसुना शोभतील अशा वयाच्या बाया पोपटीभोवती खुर्च्या मांडून बसतात, समोर त्यांच्या त्यांच्या गाड्या उभ्या. कोणी त्यांना विचारत नाही, चालवायला कोणी परवानगी दिली. मला त्याचा हेवा वाटत नाही. मला फक्त त्यांच्या टाचा बघायच्या असतात, डाव्या, क्लचवरच्या पायाच्या. पकड कुठे येते ते त्यांना तिथे कळत असेल का?

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी निघालो. पुढे माझ्या शेजारी भावोजी, पांढरी टोपी, हात छातीवर. मागे माई, निरोप पोचवायला. आणि माईंच्या शेजारी, कोणी न बोलावता, हिराबाय. "गारी मी उतरवली, मी चरवली, मी न्हाय बसनार तं कोन?" माईंनी पदर सावरला आणि सरकून जागा करून दिली.

अलिबाग मागे पडले. खिंडीचा चढ सुरू झाला. दुसरा गिअर, इंजिन जड झाले, पण गाडी वर जात होती. मी नाकाने वास घेत होते, कानापेक्षा जास्त. अर्ध्या चढावर, वळणाआड, पेंढ्याने लादलेली बैलगाडी आडवी उभी. बैल अडून बसला होता. मला थांबावे लागले. भर चढावर.

यापेक्षा कठीण परीक्षा भावोजींनी ठरवूनही घेतली नसती. चालत्या गाडीने चढणे एक, आणि उभ्या गाडीने चढावरून निघणे वेगळे. त्यात सगळा भार त्या एका तबकडीवर येतो.

"माई, तिला सांग, गाडी मागे जाईल. उतरा सगळे."

"अरे, ती तुझ्या शेजारी बसलीय," माई म्हणाल्या. "आणि मी उतरत नाही."

बैलगाडी बाजूला झाली. हातब्रेक माझ्या मुठीत, डावा पाय क्लचवर. मी पाय हळूहळू वर घेत गेले. काही नाही. आणखी थोडे वर. अजून काही नाही, आणि मागे उतार, आणि गाडीत चार जीव. आणि मग तळव्याखाली ते आले. एक थरथर, एक खरबरीत, कोरडी, हट्टी पकड. रेडा आणि रहाट जोडले गेले. मी ब्रेक सोडला. गाडी एक इंचही मागे गेली नाही. ती पुढे गेली, बैलांच्या अंगावरून धूळ उडवत, आणि मागून हिराबायने अशी आरोळी ठोकली की बैल पुन्हा अडला.

खिंडीच्या माथ्यावर वारा होता. भावोजींनी टोपी हाताने दाबून धरली.

"माई," ते म्हणाले, "इथे हवा चांगली आहे."

हे त्यांचे शरणपत्र होते. व्यापाऱ्याला त्यांनी दुसऱ्या दिवशी चहा पाजून परत पाठवले, स्वतः. पण त्या क्षणी त्यांनी पुढे जोडले, "आता वळव म्हणावं. झालं ना मनासारखं."

मी वळवली नाही. माझे अजून झाले नव्हते. चढ त्यांनी मागितला होता, तो दिला. पलीकडचा उतार मला हवा होता. पोयनाडपर्यंत गेलो. तिथे हिराबायने सगळ्यांना चहा पाजायला लावले, भावोजींना.

सोमवारी मी वेळेवर शाळेत हजर होते. नखांत, बोटांच्या पेरांत, तळहाताच्या रेषांत काळे बसले होते; चिंच, लिंबू, शिकेकाई, कशाने गेले नाही. मुली बघत राहिल्या. दारात मुख्याध्यापिकाबाई आल्या, माझ्या हातांकडे पाहून आवाज खाली आणून म्हणाल्या, "बाई, हात धुऊन आला नाहीत का?"

"धुतलेत," मी म्हणाले, आणि खडू उचलला.